शाकाहारी डबी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "काकू, या वर्षी तुमच्या नोकरीबद्दल लिहा ना. फक्त जरा... म्हणजे... अंक लोक फराळ करता करता वाचतात." मी म्हटलं, अगं बाई, मी तीसेक वर्षं नेदरलँड्समधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माणसांची शी तपासली. आता तिला काय वेलची-जायफळ लावून लिहू? ज्यांना चकली खाताना हे वाचवणार नाही, त्यांनी आधी चकली संपवावी. मी थांबते.

संपली? बरं.

मी मूळची मिरजेची. लॅब टेक्निशियनचा कोर्स तिथेच केला, लग्न होऊन इकडे आले, डच शिकले आणि हॉस्पिटलात चिकटले. डच माणसाला माझ्या विषयाची लाज नाही, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. या लोकांनी जुन्या घरांतले संडासच असे बांधलेत की भांड्याच्या आत एक सपाट फळी असते. जे काय असेल ते आधी त्या फळीवर येऊन बसतं, माणूस त्याच्याकडे नीट बघतो आणि मगच पाणी सोडतो. आपले आयटीवाले इथे घर घेतात तेव्हा स्वयंपाकघराच्याही आधी ते भांडं उपटून फेकतात. मला मात्र त्या फळीबद्दल फार आदर आहे. रोज सकाळी स्वतःची बातमी स्वतः वाचणारा दुसरा समाज मी पाहिलेला नाही.

एक डच आजीबाई तर शेंगदाण्याच्या लोण्याची धुतलेली बरणी घेऊन आल्या. वरचं लेबल तसंच. काउंटरवर ठक्कन ठेवून म्हणाल्या, "सकाळचीच आहे, ताजी." आणि आपली माणसं? डबी, डबीवर पिशवी, पिशवीवर वर्तमानपत्र, त्यावर आणखी एक पिशवी. आपले एक गृहस्थ आले होते, त्यांनी ती डबी चक्क वाढदिवसाच्या भेटीच्या चमचमत्या पिशवीत आणली. नजर छताकडे लावून म्हणाले, "हे... ते." मी म्हटलं, "अहो, अहेर नकोय, फक्त नाव आणि जन्मतारीख सांगा."

मंडळातली इथे वाढलेली पोरं मला पूप-तांते म्हणतात. तांते म्हणजे मावशी. पूप म्हणजे काय, ते आता तुम्हीच ओळखा. मला राग येत नाही. मावशी तर म्हणतात!

आता माझ्या खास जीवाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी घडलं. त्याचं नाव मायक्रोस्पोरिडिया. नाव लांबलचक आणि जीव इतकुसा, की साध्या जंतुतपासणीत तो हमखास निसटतो. त्याच्यासाठी मुद्दाम वेगळा रंग लावावा लागतो, तोही डॉक्टरांनी चिठ्ठीत तसं मागितलं तर. काचेवर रंग नीट बसला की मागचा सगळा पसारा हिरवट-निळसर होतो आणि त्यात हे गुलाबी गुलाबी लांबट दाणे दिसतात. प्रत्येकाच्या मधोमध एक आडवी रेघ. करगोटा बांधलेली तान्ही बाळंच जणू! दिसायला एवढी गोजिरवाणी, पण कारटी महाबिलंदर. प्रत्येक दाण्याच्या पोटात एक नळी गुंडाळून ठेवलेली असते. वेळ आली की ती नळी सटकन बाहेर येते, शेजारच्या पेशीत घुसते आणि हे महाशय त्या नळीतून स्वतःच आत जाऊन बसतात. मग खाणंपिणं, वंश वाढवणं, सगळं परक्याच्या घरात. पूर्वी त्यांना भलत्याच कुळात घातलं होतं, आता म्हणतात ते बुरशीचे नातेवाईक.

याला कोणीही चालतं. मधमाशी चालते, मासा चालतो, झिंगा चालतो, पोपट चालतो. माझी एक मैत्रीण जनावरांच्या लॅबमध्ये होती, तिच्याकडे मुलांच्या बागेतला एक पांढरा ससा आला होता. मान एका बाजूला पूर्ण वाकडी. बघणाऱ्याला वाटावं, हा आपल्याला काहीतरी विचारतोय. ते याच घराण्यातल्या एकाचं काम, सशाच्या मेंदूत जाऊन बसला होता. त्याची मान थोडी वाकडीच राहिली, पण तो पुढे बरीच वर्षं तसाच तिरका बघत गाजरं खात जगला.

धडधाकट माणसाला हा जीव झाला तर बहुधा थोडे दिवस पोट बिघडतं आणि आपोआप बरं वाटतं. पण ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी करून ठेवलीय, त्याला तो सोडत नाही. आणि तसा एक माणूस आमच्याच मंडळात होता.

त्याला विसू म्हणू. बायको वैदेही. नावं बदललीत, घरातल्या सगळ्यांची परवानगी घेतलीय. विसूच्या वडिलांनी, आप्पांनी, "माझं वय दोन वर्षं कमी लिही" एवढीच अट घातली. त्या अटीनुसार आप्पा तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचे होते.

ही मंडळी झूटरमेरला राहतात. विसू सॉफ्टवेअरमध्ये, पुण्याचा, मंडळाचा हौशी निवेदक. घर कडक शाकाहारी. मंडळाच्या सहलीत बार्बेक्यू असला की विसूची पनीरची शेगडी वेगळी आणि चिमटाही वेगळा. तो चिमटा चुकून चिकनला लागला म्हणून याने एकदा तो नदीत फेकला होता. विसूच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा वैदेहीने आपली एक दिली. कसला विचार नाही, कोणाला विचारणं नाही. ती सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं काम करते, आणि स्वभावही तसाच, मुळाशी गेल्याशिवाय सोडत नाही. ऑपरेशन छान झालं. मदतीला म्हणून पुण्याहून आप्पा येऊन राहिले.

वर्ष नीट गेलं आणि मग विसूचं पोट बिघडलं. दोन दिवस नव्हे, आठवडेच्या आठवडे. गणपतीत तो आरतीला दाराजवळ उभा होता आणि आरती संपायच्या आत दोनदा पळाला. पँट पट्ट्यावर कशीबशी टिकलेली. वैदेहीने मला बाजूला घेतलं. "काकू, माझी किडनी ह्याच्या पोटात आहे आणि हा नुसता वाळत चाललाय हो. डॉक्टर म्हणाले, शी तपासायला द्या. आज देतो, उद्या देतो चाललंय." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "दे म्हणावं लवकर. मी आहे ना तिथे!"

माझं हेच वाक्य नडलं, हे मला नंतर कळलं.

आधी डॉक्टरांपुढचा पेच सांगते. बसवलेली किडनी शरीराला परकी वाटते. ती शरीराने हाकलून देऊ नये म्हणून औषध देऊन दारावरच्या पहारेकऱ्याला गुंगीत ठेवावं लागतं. आता विसूचे जुलाब दोन कारणांनी असू शकत होते. एक तर कोणी जंतू त्या गुंगीचा फायदा घेऊन आत घुसला असेल, नाहीतर ते औषधच पोटाला सोसत नसेल. जंतू सापडला तर त्याचं औषध द्यायचं. नाही सापडला तर पहारेकऱ्याची गुंगी कमी करायची, आणि मग तो जागा होऊन वैदेहीच्या किडनीवर काठी उगारण्याची भीती. म्हणजे सगळं माझ्या काचेवर येऊन ठेपलेलं.

विसूची डबी आली, चिठ्ठीत तो खास रंगही मागितलेला. मी झाकण उघडलं आणि थबकले. पाण्यासारखे जुलाब होणाऱ्या माणसाची डबी कशी असते हे मला सांगायला नको. ही तर छान, घट्ट, नियमित आयुष्य जगणाऱ्या माणसाची! रंग लावला, काच सगळी पालथी घातली. एकही करगोटा नाही. मग साध्या काचेवर पाहिलं, तर पिवळसर आयताकृती तुकडे, त्यांवर बारीक आडव्या रेघा. आमच्या धंद्यात हे नवशिक्यालाही कळतं. मांसाचे तंतू.

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. डबीवरचं नाव वाचलं. नदीत फेकलेला चिमटा डोळ्यांसमोर आला.

पहिल्यांदा मला हसूच फुटलं. म्हटलं, विसूशेट, स्टेशनवर मांसाचे क्रोकेट हाणता होय! पण ते त्याचं त्याच्यापाशी. खरा प्रश्न घट्टपणाचा होता. आमच्या लॅबची डॉक्टर मारायके, तिला दाखवलं. तिने कळवलं, नमुना आजाराशी जुळत नाही, दुसरा पाठवा. दुसरा आला. तोही तसाच ठणठणीत आणि तसाच मांसाहारी.

"या माणसाला जुलाब नाहीत," मारायके म्हणाली.

"आहेत. मी त्याला पळताना पाहिलंय."

"मग ही डबी त्याची नाही."

तिने विसूच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी विसूला विचारलं, नमुना तुमचाच ना? विसू म्हणाला, अर्थात माझाच. आता पेशंटला खोटं कोण पाडणार? दोन तपासण्यांत काही सापडलं नाही, माणूस तर रोज खंगतोय. पुढच्या आठवड्यापासून औषध कमी करायचं ठरलं.

माझी झोप उडाली. विसूला मी फोन करू शकत नव्हते. वैदेहीला तर नाहीच नाही. लॅबमध्ये जे दिसतं ते लॅबमध्येच ठेवायचं, हा नियम मी इतकी वर्षं पाळला होता. मंडळातल्या निम्म्या लोकांच्या पोटातलं मला ठाऊक आहे, पण मी कधी कोणाकडे बघून भुवईसुद्धा उचललेली नाही. आणि हा येडा पहारेकऱ्याला जागा करायला निघालेला!

त्याच शनिवारी मंडळाची कोजागिरी होती. आमची कोजागिरी दुपारी तीनला सुरू होते, कारण हॉल संध्याकाळी झुंबा क्लासला परत द्यायचा असतो. चंद्र उगवायच्या आत मसाला दूध पिऊन आम्ही घरी. दरवर्षी त्यात कोणीतरी आरोग्यावर बोलतं आणि त्या वर्षी माझा नंबर होता. विषय ठरला होता 'हाडांची काळजी'. मी मारायकेला विचारलं, "मी डबी कशी द्यावी यावर बोलले तर?" ती म्हणाली, "कोणाचं नाव नाही, कोणाचा आजार नाही. डबीवर खुशाल बोल."

हाडं राहिली बाजूला. हातात दुधाचे पेले घेऊन बसलेल्या शंभरएक माणसांसमोर मी उभी राहिले आणि म्हटलं, "मंडळी, आज आपण शीबद्दल बोलू." मागच्या रांगेत पोरं खिदळली. दोघीतिघींनी पेले खाली ठेवले. संपादकबाईंनी कपाळाला हात लावला, त्या अजूनही मला ते बोलून दाखवतात.

मी सगळं सांगितलं. डबी कशी भरायची, पाण्यात पडू द्यायची नाही, फ्रीजमध्ये श्रीखंडाच्या शेजारी ठेवायची नाही. म्हटलं, "आणि लाज कसली हो? डबी माझ्यासमोर आली की माझ्या लेखी ती तुमची नसते. ती फक्त काच असते. पण काचेवर सगळं दिसतं बरं का! टोमॅटोची साल दिसते, मेथीच्या शिरा दिसतात, मांसाचे तंतू दिसतात."

मी विसूकडे बघणार नाही असं ठरवलं होतं आणि तरी बघितलं. तो बुटाची नाडी बांधत होता. पण त्याच्या शेजारी आप्पा बसले होते आणि त्यांचा पेला ओठांपाशी तसाच अडला होता. वाटलं, दूध गरम असेल.

"काही प्रश्न?" मी विचारलं. अशा वेळी कोणी हात वर करत नाही. आप्पांनी केला.

"समजा," ते घसा खाकरून म्हणाले, "एका माणसाने तपासणीला दुसऱ्याचीच डबी दिली. तर काय होतं?"

"आजारी माणसाचा आजार सापडत नाही, आप्पा."

"मग?"

"मग डॉक्टर चुकीची वाट धरतात. साधं दुखणं असेल तर निभावतं. पण एखाद्याला कोणी आपला अवयव दिलेला असेल, तर तो हातचा जाऊ शकतो."

आप्पा उभे राहिले. धोतर-कोट, टोपी, पुण्याहून आणलेली काठी. आधी सुनेकडे वळले.

"वैदेही, मी बाजाराच्या दिवशी गाडीवरचा मासा खातो."

आप्पा तेवढ्यावर थांबले नाहीत.

"हेरिंग. कच्चा. शेपटीला धरून, कांदा लावून. आल्यापासून खातोय. तो गाडीवाला मला आता ओपा म्हणतो, म्हणजे आजोबा." मग ते मुलाकडे वळले. "विसू, तू मला इन्शुरन्सचं म्हणून दोनदा डबी भरायला लावलीस. माझ्या पोटाशी इन्शुरन्सचं काय काम, असं मला तेव्हाच वाटलं होतं. कुठे दिलीस ती?"

विसूचा चेहरा पांढराफटक. "आप्पा, नंतर..."

"कुठे दिलीस?"

"लॅबमध्ये." आवाज इतका बारीक की ओठांवरूनच कळला. "माझ्या नावाने. म्हणजे... काकू बघणार ना! मी त्यांच्या पाया पडतो दरवर्षी. आणि तसंही ते औषधामुळेच होतंय, रिपोर्ट क्लीन आला की विषय संपेल असं..."

वैदेही उठली. मला वाटलं, आधी आप्पांच्या माशावर येते की काय. पण तिने सासऱ्यांकडे बघितलंही नाही. नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि मराठीत जेवढा आवाज असतो तेवढा लावून म्हणाली, "ती किडनी माझी आहे, विसू! लाज तुझी, ती तुझ्यापाशी ठेव. माझी किडनी पणाला लावायची नाही!" आणि तिथेच खुर्चीवर बसून ढसाढसा रडली. विसू तिच्या पायाशी उकिडवा बसला आणि त्यालाही रडू फुटलं. मीही रडले, आता खोटं कशाला बोलू! फक्त आप्पा उभे होते, हातातल्या पेल्यातलं दूध सांडू नये म्हणून अगदी सरळ.

झुंबावाल्या बाया दारात येऊन थांबल्या होत्या. त्यांना वाटलं, आमचं नाटक चाललंय.

सोमवारी सकाळी काउंटरवर वैदेही हजर. पिशवी नाही, वर्तमानपत्र नाही. डबी उघडउघड हातात धरून ट्रॅममधून आली होती. "मी स्वतः दाराबाहेर उभी राहून घेतलीय," ती म्हणाली. मागे विसू, मान खाली. मी त्याला म्हटलं, "वर बघ रे. मला आता तुझं काहीच नवीन नाही."

रंग लावला. काच सरकवत गेले. हिरवं, निळं, हिरवं, आणि मग दिसली ती, एकामागून एक, गुलाबी, करगोटा बांधलेली बाळं. भरपूर. आपल्याला दिसलेला जंतू पाहून इतका आनंद झालेली मी एकटीच असेन जगात. ओरडून मारायकेला बोलावलं. मग आमच्या योस्टने, तो मशीनवर काम करणारा तरुण सहकारी, त्याने मशीनवर घालून नेमका कोणता भाऊबंद आहे ते शोधून दिलं, कारण एका भावाला साधं औषध लागू पडतं आणि दुसऱ्याला पडत नाही. हा साध्यातला निघाला. डॉक्टरांनी लिहून दिल्या त्या गोळ्या जंतावर देतात त्याच जातीच्या. आप्पांना हे कळलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे हा शाळेत असताना याची आजी द्यायची तीच गोळी? एवढ्यासाठी माझी अब्रू गेली?" हा काही जंत नव्हे, हे मी त्यांना समजावलं. त्यांना ते पटलं नाही.

हा जीव विसूच्या पोटात आला कुठून? पाण्यातून, भाजीवरून, कुठल्या जनावराकडून, देव जाणे. ते कळलं नाही. पण पोट थांबलं, वजन भरलं, पहारेकऱ्याची गुंगी आहे तशीच ठेवता आली. किडनी जागेवर आहे.

त्या किडनीचा वाढदिवस वैदेही दरवर्षी करते. औक्षण विसूचं, केक ती कापते. म्हणते, माल माझा आहे. यंदाच्या वाढदिवसाला मी गेले तेव्हा मला निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते. आप्पा पुन्हा आलेले. सगळ्यांना पुरणपोळी वाढून झाल्यावर वैदेहीने बाल्कनीचं दार उघडलं, तिथल्या छोट्या टेबलावर कागदाची प्लेट ठेवली आणि म्हणाली, "आप्पा, या. पण बाहेर बसूनच. आणि चिमट्याला हात लावायचा नाही." प्लेटमध्ये दोन हेरिंग होते, वर बारीक चिरलेला कांदा. ती स्वतः बाजारात जाऊन घेऊन आली होती. विसू हे सगळं बघून न बघितल्यासारखं करत मुकाट्याने पुरणपोळीवर तूप घालत होता.

मी आप्पांना सोबत म्हणून बाल्कनीत बसले. त्यांनी टोपी नीट केली, शेपटीला धरून एक मासा वर केला आणि अर्धा गट्टम. चावणं वगैरे नाहीच. तरीच काचेवर एवढे तंतू, मी मनात म्हटलं.

"तुझ्या जागी आता कोण आलं गं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, आप्पा. मशीन. डबी आत घातली की जंतू आहे की नाही तेवढं सांगतं. माझ्यापेक्षा लवकर आणि माझ्यापेक्षा अचूक."

"त्याला हे दिसतं?" त्यांनी उरलेला मासा हलवून दाखवला.

"नाही. ते त्याला विचारलेलं नसतं ना."

"बरं झालं," आप्पा खूश होऊन म्हणाले. उरलेला तुकडाही गेला. बोटं पुसता पुसता ते अचानक थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"मग विसूचं कसं कळलं असतं?"

मी खाली रस्त्यावरच्या सायकली बघत बसले.

आतून वैदेहीने विचारलं, "आप्पा, अजून कांदा हवाय का?"

"दे," आप्पा म्हणाले. "आणि एक बशी हिलाही दे."

मी मिरजेची, जन्मात मासा खाल्लेला नाही. त्या दिवशी खाल्ला.